जांभूळ, सातू आणि सरहद्द

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास जाणे झाले. लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला एक जागा दाखवतो." जागा म्हणजे एक मोठे दालन होते. एका अंगाला काचेची भिंत, तिच्याआड पुरुषभर उंचीच्या पोलादी टाक्या आणि त्यांना जोडलेल्या नळ्यांचे जाळे. बिअर तिथेच तयार करायची आणि तिथेच बसून प्यायची, असा हा नवा प्रकार. मी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. वडील सेवा दलातले. आमच्या घरात हा विषय केवळ निषेधापुरता निघे. भाच्याला हे ठाऊक होते. तरी त्याने माझ्यापुढे एक लहान पेला सरकवला आणि म्हणाला, "नुसता एक घोट घ्या की. मुलांना इतिहास शिकवता, मग हाच धडा कसा काय सोडता?"

पेल्यात जे होते ते काळेभोर होते. दिव्यासमोर धरल्यावर काठाशी जांभळी झाक दिसे आणि वर दुधाच्या सायीसारखा बदामी फेस. जांभळाचा रस घातलेली काळी बिअर आहे, असे भाच्याने सांगितले. घोट घेतला. प्रथम जिभेवर आला तो कडवटपणा, तव्यावर राहून करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा. मागून आंबट चव आली, आणि घोट गिळल्यावर जीभ टाळ्याला चिकटावी तसा तुरटपणा राहिला, जांभूळ खाल्ल्यावर राहतो तोच. गोडवा नावाला नव्हता. हे वाईट लागले असे मी म्हणणार नाही. पण चवीपेक्षा मला अडवले ते वासाने. तो वास माझ्या ओळखीचा होता. जवळजवळ तीस वर्षांपूर्वीचा. त्याच्याकडे पुढे येतो.

भाच्याच्या टोमण्याने डोक्यात किडा सोडला होता. निपाणीला परत आल्यावर सुट्टीचे उरलेले दिवस मी त्या एका घोटाचा इतिहास शोधण्यात घालवले.

पुण्यात असल्या बिअरची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक नाव 'डूलाली'. ही मंडळी २००९ साली पुण्यात सुरू झाली. नाव इंग्रजी वाटते, पण आहे आपल्या देवळालीचे. नाशिकजवळच्या देवळालीला गोऱ्या सैनिकांची छावणी होती. मुदत संपलेले सोल्जर विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन् महिने पडून राहत. काम नाही, ऊन रखरखीत. त्यात कोणाचे डोके फिरले की त्याला 'देवळालीचा ताप' झाला असे म्हणत. या तापातला 'ताप' आपलाच. तो शब्द बोलीतून इंग्रजी कोशात गेला, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी बिअरच्या पेल्यावर बसून पुन्हा महाराष्ट्रात आला.

छावणी म्हटली की बेळगाव आलेच. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि मागोमाग इथे कायमची छावणी वसली. आमच्या भागात 'कॅम्प' म्हणतात तो हाच. त्याच्या आदल्याच वर्षी, १८१७ मध्ये, इंग्लंडात डॅनियल व्हीलर नावाच्या गृहस्थाने मोड आणलेले सातू फिरत्या पिंपात काळे होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आजची काळी बिअर काळी होते ती या भाजणीमुळे. आपला असा समज असतो की हिंदुस्थानातले गोरे फिक्या सोनेरी बिअरवर जगत. ती साहेबांची. साध्या सोल्जरसाठी कंपनी सरकार जहाजांतून पिंपेच्या पिंपे आणवत असे ती 'पोर्टर' नावाची काळी बिअर. लंडनच्या हमालांवरून तिला ते नाव पडले. म्हणजे भाच्याने मला नवी म्हणून जी पाजली, ती छावण्यांना दोनशे वर्षांची जुनी ओळख आहे. नवे काही असेल तर जांभूळ.

पण तेही नवे नाही. बिअर करण्याची रीत पाहू लागलो तेव्हा पहिल्यांदा आठवण झाली ती आईच्या स्वयंपाकघराची. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. आमच्याकडे नाचणीचे सत्त्व असेच करतात. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, हे त्यातले मर्म. पुढे तो भरडा गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढायचे, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून ते उकळायचे, निवले की किण्व, म्हणजे यीस्ट, सोडायचे. किण्व साखर खाऊन टाकते. तिची दारू होते आणि वायू होतो. फळाचा रस बहुधा हे आंबवणे पुष्कळसे उरकल्यावर घालतात. किण्व त्याचीही साखर फस्त करते आणि मागे रंग, आंबटपणा नि तुरटपणा तेवढा ठेवते. माझ्या पेल्यात गोडवा का नव्हता ते असे कळले. इथे एक खुलासा. आपण सरसकट 'दारू गाळली' म्हणतो. बिअर गाळत नाहीत, ती आंबवतात. भट्टीवर वाफ काढून थंड करतात ते गाळणे. आपल्या आंबिलीची जात पहिली, हातभट्टीची दुसरी. कायद्याला मात्र हा फरक फारसा कधी समजला नाही.

धान्याच्या मद्यात फळ घालण्याबद्दल युरोपातले लोक बेल्जियमकडे बोट दाखवतात. तिथे चेरी घातलेली 'क्रीक' फार जुनी. आमच्याकडचा दाखला त्याहून पुष्कळ जुना आहे आणि तो सापडला कर्नाटकातच. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित आले. १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात 'सुराध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्याचे एक अख्खे प्रकरण आहे. बी.ए.ला असताना आम्हाला अर्थशास्त्र होते. पण आमच्या प्राध्यापकांनी हे प्रकरण दोन वाक्यांत आटोपले होते. यंदा प्रा. र. पं. कंगले यांच्या आवृत्तीवरून ते नीट वाचले. तांदूळ, पाणी आणि किण्व यांची मापे देऊन 'मेदक' कसा करावा ते तिथे सांगितले आहे. आसव, अरिष्ट, मैरेय हे प्रकार आहेत. द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे. आणि सुरेच्या प्रकारांत एक नाव आहे 'सहकारसुरा'. सहकार म्हणजे आंबा. धान्याची सुरा, तिच्यात आंब्याचा रस. पुण्यातल्या काचेमागच्या टाकीत आज जे चालते त्याला हे नाव चपखल बसावे. (आमच्या जिल्ह्यात 'सहकार' म्हटले की साखर कारखाना आठवतो, ही गोष्ट वेगळी. मळीचा विषय काढला तर लेख लांबेल.)

कौटिल्याचे प्रकरण मला आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे वाटले. सुरेचा धंदा राजाच्या हाती ठेवूनही कार्यप्रसंगी गृहस्थांनी घरापुरती सुरा करण्यास त्याने मोकळीक दिली आहे. उत्सव, यात्रा अशा वेळी चार दिवसांची सवलत आहे. दुसरे असे की, सुरेसाठी लागणारे किण्व वगैरे निवडण्या-सावरण्याचे काम कोणी करावे, तर बायकांनी आणि मुलांनी, असे तो सांगतो. हा तपशील वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

पुढल्या काळातही हा धागा तुटत नाही. कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात आपला हा मुलूख होता. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये मदिरापानक्रीडाही आहे. राजाची ती क्रीडा होती. रयतेच्या घरी सणावाराला होई ती कोणी लिहून ठेवली नाही.

ती लिहिली गेली ती गुन्हा ठरल्यावर. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. या कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद होऊन सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या आल्या. ताडी काढायची तर झाडागणिक कर बसला. ठाणे-कुलाब्याकडे तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले साठवण्यावरही बंधने घातली. हे सारे दारू कमी व्हावी म्हणून झाले, असे सरकार म्हणे. पण महसूल वाढत गेला आणि दुकानेही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते; १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढत आहेत म्हणून त्यांनी लेखी विरोध नोंदवला. दारूने कोणाचे घर बसते हे त्यांना नीट माहीत होते. घरची आंबवण गेली आणि ठेकेदाराची बाटली आली. वाईट दोन्ही असेल, पण दुसरीने पैसाही घराबाहेर नेला.

त्याच १८७८ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगिजांशी तह केला. त्यात मीठ आणि अबकारी या दोन्ही बाबतींत गोव्याला मुंबई इलाख्याच्या पद्धतीशी जुळवून घ्यावे लागले. तो तह १८९२ त संपला आणि घाटाच्या दोन बाजूंना पुन्हा दोन कायदे सुरू झाले. आमच्या सीमाभागातल्या माणसाने इथे जरा थांबावे. आपण सरहद्द म्हटली की १९५६ चा विचार करतो. ते स्वाभाविकच आहे. ती जखम अजून ओली आहे आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण फळाला ही सरहद्द त्याआधीच भेटली होती.

काजूचे पाहा. हे झाड ब्राझीलचे; पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणले. घाट चढून ते खानापूर, चंदगड, आजऱ्यापर्यंत पोचले. गोव्यात काजूची बोंडे तुडवून रस काढतात. तो आंबवून एकदा गाळला की 'उर्राक', पुन्हा गाळला की फेणी. आता चंदगड आणि खानापूर हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत एकाच बेळगाव जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एकटा चंदगड तालुका त्यातून काढून मुंबई राज्यात ठेवला. पलीकडे गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचा. एका डोंगररांगेवर एकच फळ, आणि त्याच्या रसाला तीन सरकारे.

मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आणली; १९५० पासून ती राज्यभर लागू झाली. बेळगाव त्या राज्यातच होते, तेव्हा तीही दारूबंदी आपल्या वाट्याला आली. १९२४ साली याच बेळगावात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. दारूबंदी हा त्यांच्या कार्यक्रमातला कळीचा विषय. तेव्हा लोकांच्या एका मोठ्या वर्गाला ती मनापासून हवी होती, हे विसरता येत नाही. माझ्या वडिलांना होती. पण घाटाखाली गोव्यात दारू उघड आणि वर बंद, असे झाल्यावर जे व्हायचे ते झाले. त्या दहा-अकरा वर्षांत रात्री घाट चढून येणाऱ्या डोक्यावरच्या ओझ्यांच्या कथा खानापूर भागातल्या वृद्धांनी मला पुष्कळ सांगितल्या आहेत. त्यांतली निम्मी शौर्याची असते, निम्मी पोटाची. म्हैसूर राज्याने १९६७ मध्ये दारूबंदी उठवली. महाराष्ट्राने १९४९ चाच कायदा ठेवून परवान्यांची पद्धत पसरवली. आजही तिथे पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. पुण्यात त्या टेबलावर परवान्याचा विषयही कोणी काढला नाही, हे आता आठवते.

आजची स्थिती काय? गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला आपला वारसा म्हणून मान्यता दिली. चंदगडात एप्रिलमध्ये जा. बी काढून घेतली जाते आणि बोंडांचे ढीग बागेच्या कडेला कुजत पडतात. त्यांचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो. २०२२ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूची बोंडे, मोहफुले यांच्यापासून होणारी दारू 'देशी' या वर्गातून काढून 'विदेशी' वर्गात घालण्याचा निर्णय घेतला, का तर तिला भाव यावा. मोहाचे झाड विदेशी ठरवणारा हा निर्णय मी वर्गात वाचून दाखवला, तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मग झाडाला पासपोर्ट लागंल." कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे ठेक्याची स्वस्त गावठी दारू, बंद केली. बिअर आणि रम सुरू राहिली. बंगळुरात २०११ पासून जागच्या जागी बिअर करणारी दुकाने निघाली.

आता तो वास.

१९९५ सालचा जून. मी नोकरीत नवा होतो. निपाणीपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका गावातल्या शाळेत आठवीचा वर्गशिक्षक होतो. पावसाळा तोंडावर, जांभळे पिकलेली. वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, अक्षर मात्र गिचमिड. त्याच्या अंगाला एक वास येई, आंबूस, थोडा गुळमट, थोडा करपट, आणि त्या महिन्यात जांभळाचा. पोरे नाक मुरडत. त्याच्या घरी हातभट्टी चाले हे गावाला ठाऊक होते. गूळ, नवसागर आणि हंगामात मिळेल ते फळ माठात घालून ते पुरून ठेवत. पोलिसांच्या भाषेत त्याला 'रसायन' म्हणतात. बाप केले त्यातले निम्मे स्वतःच पिई.

एके दिवशी हजेरी घेताना मी त्याला पुढे बोलावले आणि सगळ्या वर्गासमोर दोन्ही हात वर करायला लावले. बोटे मनगटापर्यंत जांभळी होती. मी म्हणालो, "घरात जे गाळता ते शाळेत आणू नकोस." वर्ग हसला. मलाही त्या वेळी आपण काही सुधारणेचे काम केले असेच वाटले असावे. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवड्याने त्याची आई आली. व्हरांड्याच्या खांबाशी, चपला हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, पोरगं शाळंला जात न्हाई म्हणतंय. त्येनं काय केलंय? जांभळं तेवढी धुतलीती त्येनं." मी तिला दारूच्या दुष्परिणामांवर काहीतरी सांगितले. ते सगळे खरे होते. ती मान डोलावून गेली.

नंतरच्या वर्षात तिथे धाड पडली, माठ फोडले, ती आठ दिवस आत होती असे ऐकले. पुढे ते कुटुंब ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले, पुन्हा गावात दिसले नाही. आजही कोणी हातभट्टीची बाजू मांडू लागला तर मी त्याच्याशी भांडेन. नवसागर पोटात गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या बाईला मारहाण होई ती त्या दारूच्याच पायी. पण माठात जांभूळ घालण्याची ती अक्कल तिच्याकडे कुठून आली, हे विचारण्याचे मला एम.ए. इतिहास असूनही सुचले नव्हते.

पुण्यात भाच्याने बिल दिले. चौकटीच्या छापील कागदावर त्या बिअरच्या नावापुढे जांभूळ कोणत्या डोंगरातून आणले, हेही कौतुकाने लिहिले होते. पेला मी अर्धा ठेवला. "आवडली नाही का, मामा?" असे त्याने विचारले. "आवडली," मी म्हणालो.

जून लागल्यावर शाळेत एका दाखल्याच्या कामासाठी जुने जनरल रजिस्टर काढले. आज मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे, तेव्हा ती कपाटे माझ्याच ताब्यात. १९९५-९६ चे पान उघडून पाहिले. त्याचे नाव होते, जन्मतारीख होती, आईचे नाव लिहिण्याची तेव्हा पद्धत नव्हती. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'सतत गैरहजर' असे लिहिलेले आहे. अक्षर माझे आहे.